लेकीच्या नावावर दुसरीचं काम

त्या रविवारी पानिपतहून एक माणूस लाल पाण्याची बाटली घेऊन आमच्या दारात आला. तिथनं पुढं मी जी घाबरले, तशी नवरा गेला तेव्हाही घाबरले नव्हते. नवरा गेला तेव्हा पोर कडेवर होती आणि बिड्या वळायच्या होत्या. घाबरायला रिकामा वेळ लागतो. तो मला म्हातारपणी नोएडात मिळाला.

आधी आमचं सांगते. मी सिन्नरकडची. शाळा चौथीपर्यंत. लेक एकच. ती गणित शिकली, शिकत शिकत दिल्लीला आली आणि मी तिच्या मागं. लग्न तिनं केलं नाही. मी चार वर्षं बोलून बघितलं, मग सोडून दिलं. आर. के. पुरमला एका मराठी साहेबांच्या क्वार्टरमागच्या खोलीत आम्ही राहायचो. तेव्हा ती कॉलेजात शिकवायची, पण नोकरी कच्ची. उन्हाळा आला की काम संपायचं, जुलैत परत हात जोडून उभं राहायचं. असं करता करता तिच्या केसांत पांढरं आलं. मग नोएडाच्या बाजूला एका खासगी युनिव्हर्सिटीनं तिला घेतलं. तीन वर्षं काम बघणार, पसंत पडलं तर पक्कं करणार. राहायला त्यांचाच फ्लॅट, सहाव्या मजल्यावर. म्हणजे नोकरी गेली की फ्लॅट पण गेला. हे मी रोज सकाळी चहा टाकताना मनात म्हणायचे, म्हणजे पाय जमिनीवर राहतात.

तिचं काम बघायला गेलं तर काही दिसत नाही. बसलेली दिसते. कागदावर वेड्यावाकड्या खुणा करते, खोडते, खिडकीतून बाहेर बघते. एकदा मी कागद हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "यात आकडे कुठं आहेत ग?"

"गणितात आकडे नसतात आई."

"मग काय असतं?"

"असं असेल, असं वाटतं. मग ते तसंच आहे का, ते दाखवायचं असतं."

हे दाखवायला तिला दोन-दोन, तीन-तीन वर्षं लागतात. मग परदेशात कुठं तरी पेपर छापून येतो. त्या दिवशी ती बर्फी आणते आणि आम्ही दोघीच खातो, कारण बाकी कुणाला सांगून काय समजणार.

पण पक्कं करायचं तर तिथं मोजणी असते. ती मला तिनंच समजावली. आपण पेपर लिहिला, आणि पुढं दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात सांगितलं की बाबा, हे या बाईनं आधी दाखवलेलं आहे, तर एक धरायचा. त्याला सायटेशन म्हणतात.

"म्हणजे नाव घेतात," मी म्हटलं. "उखाण्यात घेतात तसं."

"तसंच. फक्त लाजत नाहीत."

त्यावर आणखी एक नंबर असतो. पाच पेपर असे पाहिजेत की प्रत्येकाचं निदान पाच जणांनी नाव घेतलंय, तर तुमचा नंबर पाच. दहाचं दहा जणांनी घेतलं तर दहा.

"आणि एकाच पेपराचं शंभर जणांनी घेतलं तर?"

"तर नंबर एक."

"हे कुठलं शहाणपण?"

"हेच तर," म्हणाली आणि हसली. ती त्या नंबराकडं बघायची नाही. मोजणाऱ्यांनी मोजावं, म्हणायची. तिच्या कामात जगभरात मिळून वीस-पंचवीस माणसं, ती सावकाश वाचणार, सावकाश लिहिणार. नाव कोण घेणार आणि किती घेणार?

समोरच्या फ्लॅटमध्ये केमिस्ट्रीची मॅडम राहायची. लखनौकडची, गोरीपान, मोठ्यानं हसणारी. तिच्याकडं विद्यार्थी, यंत्रं, सगळं लवाजम्यासकट. पेपर भराभर निघायचे. ती माझ्या लेकीला चिडवायची, "दीदी, तुम लोग साल में एक रोटी बेलते हो, और वो भी फ्रेम करके रख देते हो. हमारे यहाँ तंदूर लगा है!"

लेक म्हणायची, "तेरी रोटी जली हुई होती है."

"जली हुई भी गिनी जाती है, यार."

अशी त्यांची थट्टा चालायची. मी दोघींना चहा द्यायचे.

दिवाळी झाली आणि लेक एकदा संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आई, गेटवर माझा फोटो लागलाय." युनिव्हर्सिटीत सगळ्यात जास्त सायटेशनवाले पाच जण, त्यात ही. मला आनंद झाला, का नाही होणार? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेटपर्यंत चालत गेले. एवढा मोठा बॅनर. फोटो जुना होता, आधार कार्डावरचा असतो तसला. मी हात जोडले. वॉचमन बघत होता, म्हणून मग भाजी आणायला आल्यासारखं केलं.

तिला मात्र काही खास वाटलं नव्हतं. ऑफिसनं काही तरी गोंधळ घातला असेल, म्हणाली. कॉम्प्युटरवरून नंबर काढून ऑफिसनंच तिचा पक्कं करण्याचा फॉर्म भरला, हिच्यासमोर ठेवला, हिनं सही केली आणि परत आपल्या खुणा करत बसली. रात्रंदिवस गणितात असलेली बाई, पण आपला आकडा काही तिनं वाचला नाही. तिच्यासारख्या लोकांना ते कमीपणाचं वाटतं. दुकानात उभं राहून आपलंच वजन करून घेतल्यासारखं.

आणि मग तो रविवार. थंडी पडली होती. धुरकट हवा, खिडक्या बंद. बेल वाजली, मी दार उघडलं. पन्नाशीचा माणूस, स्वेटर, मफलर, काखेत नवं कोरं ब्लँकेट प्लास्टिकात गुंडाळलेलं आणि हातात पाण्याची बाटली, पण पाणी लालभडक.

"राम राम अम्मा जी. डॉक्टर मैडम का घर यही है?"

मला वाटलं डॉक्टरकडं आलाय आणि बाटलीत रक्त आहे. मी दोन पावलं मागं सरले. लेक आली. तो तिच्या पाया पडायला वाकला.

"मैडम जी, पानीपत से आया हूँ. कंबल की फैक्टरी है छोटी सी. ये रंगाई का पानी है. रोज जाँच वाले आके खड़े हो जाते हैं, बोलते हैं ताला लगा देंगे. आपने जो केले के छिलके से पानी का रंग निकाला है ना, वो मेरे को सिखा दो."

लेक बघतच राहिली. "केले के छिलके से? मैंने?"

"और किसने?"

"भाईसाहब, मैं गणित पढ़ाती हूँ."

तो हसला. "बड़े लोग ऐसे ही होते हैं. अपना काम अपने मुँह से नहीं बताते." आणि त्यानं फोन पुढं केला. त्याच्या पोरीनं शोधून दिलं होतं. माझ्या लेकीचं नाव, तिच्या युनिव्हर्सिटीचं नाव, खाली पेपरांची ही लांबच लांब यादी. लेकीनं फोन हातात घेतला आणि वाचत गेली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिच्या लहानपणी तिला एकदा विंचू चावला होता. चावल्यावर रडायच्या आधी तिचा चेहरा जसा झाला होता, तसा झाला.

तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं, सांगितलं की हे माझं काम नाही, माझ्याच नावाची दुसरी कुणी असेल, तिचा पत्ता काढून मी तुम्हाला कळवते. त्याला ते पटलं की नाही कुणास ठाऊक. ब्लँकेट परत घेईना. "बहन-बेटी के घर खाली हाथ नहीं आते." बाटली पण ठेवून गेला. टेस्ट करून बघा, म्हणाला.

तो लिफ्टमध्ये शिरला आणि लेक खुर्चीत बसली ती उठेना. मी विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं, सरळ सांगितलं, माझ्यापाशी ती कधी आडवळणानं बोलत नाही.

झालं होतं असं. तिचं नाव आणि आडनाव आमच्याकडं पैशाला पासरी. तिच्या वर्गात त्याच नावाच्या तिघी होत्या. गुरुजी बापाचं नाव जोडून हाक मारायचे, मग ज्या त्या पोरीला कळायचं. आमच्यात बापाचं नाव मधे असतंच, त्यानंच माणूस ओळखतात. पण बाहेरच्या पेपरांत बापाचं नाव कुणी लिहीत नाही. एक अक्षर आणि पुढं आडनाव. हिनं पण तसंच लिहिलेलं. दुसऱ्या कुणी तरी बाईनं, केमिस्ट्रीवालीनं, तसंच लिहिलेलं. कॉम्प्युटरला बापाशी काय देणंघेणं? त्यानं दोघी एकत्र केल्या आणि सगळं हिच्या नावावर ठेवलं. बॅनरवर जो नंबर होता, तो त्या बाईच्या केळ्याच्या सालांचा.

"मग काढून टाकायला सांग," मी म्हटलं.

"आई, तो नंबर फॉर्मवर गेलाय. पक्कं करायच्या फॉर्मवर. आणि खाली माझी सही आहे."

"तुझीच?"

"माझीच. वर लिहिलंय, वरील सर्व माहिती मी तपासली आहे."

सही म्हणजे काय असतं ते आमच्यासारख्यांना जास्त कळतं. बाकी काहीही नाकारता येतं, सही नाकारता येत नाही. खोटे पेपर दाखवले म्हणून कुठल्या तरी प्रोफेसराला काढलं, असं समोरच्या मॅडमनं थोड्याच दिवसांपूर्वी आमच्याच सोफ्यावर बसून सांगितलं होतं. "फ्रॉड निकला," असं ती म्हणाली होती. तो शब्द मला येऊन चिकटला. भांडी घासताना पण तोच. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. लिफ्टचं दार वाजलं की वाटायचं, आले. कोण आले ते मला सांगता आलं नसतं. पोलीस, नाही तर युनिव्हर्सिटीचे. या वयात माझ्या लेकीला चार माणसांत उभं करून विचारतील, आणि ती खरं बोलली तरी ते खोटंच दिसेल.

खरे पेपर तिचे किती, ते पण तिनं सांगितलं. थोडे. पक्कं करणाऱ्या कमिटीनं जी रेघ आखली होती तिच्या बरेच खाली. म्हणजे खरा नंबर सांगितला तर पक्कं होणार नाही, आणि खोटा ठेवला तर ज्या दिवशी कुणी बघेल त्या दिवशी सगळंच जाईल. दोन्हीकडून खड्डा. कमिटी पुढच्याच आठवड्यात होती.

सोमवारी तिनं हेडला सांगितलं. हेड म्हणजे तिच्या डिपार्टमेंटचे मोठे. ते त्याच संध्याकाळी स्वतः आमच्याकडं आले. दिल्लीचेच, अगदी सभ्य माणूस. बूट बाहेर काढले, मला नमस्कार केला, चहाची तारीफ केली. "माता जी, अदरक बिल्कुल सही डाला है." मग कप ठेवला आणि लेकीला म्हणाले, "देखिए, ये आपने नहीं किया. कंप्यूटर ने किया. तो कंप्यूटर को करने दीजिए. कमिटी हो जाए, फिर आराम से ठीक करवा लेंगे."

"सर, साइन मेरा है."

"साइन सब करते हैं. पढ़ता कौन है? और ये नंबर ऊपर भी जा चुका है, मैडम."

"ऊपर मतलब?"

"मतलब ऊपर. यूनिवर्सिटी की रैंकिंग में जुड़ा है. अब आप बोलेंगी गलत है, तो फिर सब से पूछा जाएगा ना, किसने देखा, किसने नहीं देखा." ते हसले. "और असली नंबर पर कमिटी क्या करेगी, वो तो आप गणित वाली हैं, निकाल लीजिए."

ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. बिडी कारखान्यात आयुष्य गेलं माझं, ओरडणारे लई बघितले. हा माणूस जाताना म्हणाला, "माता जी का खयाल रखिए, ठंड बहुत है," आणि त्याच्यामागं मी दाराची कडी लावून घेतली.

तो गेल्यावर लेक मला म्हणाली, "यांना माझी काळजी नाही, बॅनरची आहे."

"असेना का," मी म्हटलं. "तुझी नोकरी राहतेय ना त्यात?"

ती रात्री जेवली पण नाही धड. कागद घेऊन बसली तर खुणा पण करीना.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या दुसऱ्या बाईचा नंबर शोधून काढला. खानदेशातल्या एका लहान कॉलेजात शिकवते ती. दुपारची वेळ, बाल्कनीत जरा ऊन आलेलं, आम्ही दोघी मटार सोलत होतो. हात गुंतलेले म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. तिकडून आवाज आला, "हॅलो, कोण?"

लेकीनं आपलं नाव सांगितलं.

"अहो, मी पण तीच बोलतेय!" तिकडं हशा. "चुकून स्वतःलाच फोन लावलात की काय?"

लेक पण हसली. पुष्कळ दिवसांनी घरात मराठीतलं असं मोकळं हसणं ऐकलं, मला बरं वाटलं. मग लेकीनं सगळं सांगितलं.

मग ती बाई म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडं आहेत होय ते."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कुठून माहीत असणार? माझ्या नावावर दिसत नाहीत, एवढंच माहीत होतं. दोनदा प्रमोशनला बसले ताई. छापलेले पेपर गठ्ठा बांधून घेऊन गेले. साहेब म्हणतात गठ्ठा नको, स्क्रीनवर दाखवा. स्क्रीनवर अर्धे पण नाहीत. एकानं तर विचारलं, हे तुम्हीच लिहिलेत ना नक्की?" थोडं थांबून ती म्हणाली, "त्या वेळी मला माझंच खरं वाटेना. घरी येऊन मी पेपर काढून बघितले, माझंच नाव आहे ना म्हणून."

लेकीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुम्ही ते काढून टाका बरं का तुमच्याकडून," ती बाई म्हणाली. आवाज भांडणाचा नव्हता. "मी त्या कॉम्प्युटरवाल्यांकडं अर्ज केले, त्यांचं उत्तर येतं की दुसरीकडच्या मॅडमनी आधी हो म्हणायला पाहिजे. मला दुसऱ्या मॅडम कोण तेच माहीत नव्हतं. माझी अजून चारच वर्षं नोकरी उरलीय."

"काढते," लेक म्हणाली. "पानिपतचा एक माणूस आहे, त्याला तुमचा नंबर देऊ का? त्याच्याकडं लाल पाणी आहे."

"द्या की! कुणी तरी वाचलं म्हणायचं."

फोन झाला. मटार अर्धे राहिले होते ते मीच सोलले.

त्या बाईला काय वाटलं असेल ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कारखान्यात बिड्या ज्याच्या कार्डावर चढतील त्याचं ते काम. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या नावाचं कार्ड नव्हतं, ते जावेचं होतं. मी वळायचे, ते जावेच्या कार्डावर चढायचं. घरात एकच चूल, मग कार्ड कुणाचं का असेना, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, मी पण म्हणायचे. म्हातारपणी जावेला पेन्शन बसली. मी ऑफिसात गेले तर तिथला माणूस म्हणाला, आजी, तुम्ही तर पुष्कळ वर्षं काम केलेलंच दिसत नाही. माझी बोटं बघा म्हटलं, तर म्हणे बोटं नको, कार्ड दाखवा. जाव वाईट नव्हती. तिनं काही चोरलं नव्हतं. चढत गेलं, एवढंच.

पण हे मी लेकीला त्या दिवशी बोलले नाही. बोलले असते तर मीच तिला ढकलल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगते, तिनं कमिटीपुढं जाऊन खरं सांगावं असं मला वाटत पण नव्हतं. माझ्या जिभेवर दुसरंच होतं. थांब, आधी पक्की हो, मग त्या बाईचं दे. महिना-दोन महिन्यांत तिचं काय जातंय? एवढं तोंडापर्यंत येत होतं आणि मी गिळत होते.

कमिटीच्या आदल्या दिवशी भाकरी करताना ती माझ्यापाशी ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, काय करू?"

मी तव्याकडंच बघत म्हटलं, "घाबरायचं काम माझ्याकडं दे. ते मी बघते. तुझं तू कर."

"तुला वाटतं मी सांगावं?"

"मला भीती वाटते. तेवढंच मला सांगता येतं."

तिनं ताटात भाकरी घेतली आणि उभ्या उभ्याच खाल्ली, नुसती, तिखट-मीठ काही न घेता.

सकाळी ती तिची पांढरी ओढणी घेऊन गेली. मी सकाळपासून काही खाल्लं नाही. उपास नव्हता, घास उतरत नव्हता. समोरची केमिस्ट्रीची मॅडम सुट्टी टाकून माझ्याजवळ येऊन बसली. बसून बडबड. "अम्मा, टेंशन मत लो. ज्यादा से ज्यादा क्या होगा? निकाल देंगे." आणि मग स्वतःच जीभ चावली. मग म्हणाली, "मैंने तो बोला था दीदी को, मेरे दो-चार पेपर पे नाम डाल देती हूँ. नंबर बन जाएगा. मानी नहीं. बोली, मुझे टेस्ट ट्यूब पकड़ना नहीं आता. अरे, हमारे यहाँ जिनका नाम है, उनमें से आधों को नहीं आता!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी भीती पण वाटत होती. दोन्ही एका वेळेला होऊ शकतं, हे मला या वयात कळलं.

मॅडम गेल्यावर मला बसवेना. मी खाली गेले, वाण्याच्या दुकानामागं रिकामी खोकी पडलेली असतात, त्यातली चांगली बघून चार मागून घेतली. वाणी म्हणाला, "घर बदल रहे हो अम्मा?" मी म्हटलं, नाही, थंडीचे कपडे ठेवायला. लिफ्टमधून वर आणताना कुणी बघू नये असं वाटत होतं. बाल्कनीत दडपून ठेवली. हाताला काही तरी काम केल्यासारखं वाटलं. घर सोडायचं तर भांडी कशात घालायची, पुस्तकं कशात, हे तरी ठरलं. पुस्तकं लई होती.

ऊन गेल्यावर ती आली. चप्पल काढली, हात धुतले. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

मोठ्या टेबलाला पाच माणसं. हिनं आत जाताच उभ्यानं सांगितलं की फॉर्मवरचा नंबर चुकीचा आहे, हा माझा खरा, आणि ही सही मी न वाचता केली. हेड टेबलावरच्या बिस्किटाकडं बघत बसले. एक जण म्हणाला, "गणितज्ञ होकर आपने नंबर नहीं देखा?" सगळे हसले. हिला पण हसावं लागलं. दुसरा म्हणाला, म्हणजे आम्ही समजायचं काय, चूक की लबाडी? मग बाहेरून बोलावलेले एक म्हातारे प्रोफेसर होते, गणितातलेच. ते म्हणाले, या बाईंचा एक पेपर मी स्वतः वाचला आहे, तो समजायला मला उन्हाळा लागला, आणि चांगला आहे. तर अध्यक्ष म्हणाले, सर, आपका पढ़ना तो कॉलम में नहीं आता.

"मग?" मी म्हटलं.

"मग मला बाहेर बसवलं. पुष्कळ वेळ. मग शिपायानं परत आत बोलावलं."

"मग?"

"पक्कं नाही केलं. काढलं पण नाही. एक वर्ष वाढवलंय, आणि फाइलला एक ताकीद लावली. एका वर्षात नंबर रेघेच्या वर आणा म्हणतात."

"होईल?"

"आई, एका वर्षात गणितात काही होत नाही."

मी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली आणि रडली, थोडंसंच, लहानपणी रडायची तसंच, आवाज न करता. मग उठून कॉम्प्युटरवर बसली आणि त्या खानदेशातल्या बाईचे पेपर एक एक करून आपल्या नावावरून सोडून दिले. प्रत्येक ठिकाणी 'हे माझं नाही' असं दाबायचं होतं. मी शेजारी बसून बघत होते. दाबता दाबता ती मला नावं वाचून दाखवत होती, केळ्याची साल, नारळाची शेंडी, उसाचं चिपाड. "बघ आई, किती काम केलंय बाईनं." तिच्या स्वतःच्या नावावर शेवटी जे उरलं, ते एका स्क्रीनवर मावलं.

गेटवरचा तिचा फोटो दोन दिवसांत गेला. बॅनर तोच ठेवला, पाचाचे चार केले, आणि मधे जागा सुटली तिथं युनिव्हर्सिटीचं फूल छापलं. हेड आता भेटले तर नमस्कार करतात, घरी येत नाहीत. पानिपतवाला खानदेशात फोन करतो, असं कळलं. त्या बाईचं प्रमोशन अजून व्हायचंय, पण पेपर तिच्या स्क्रीनवर गेले, तेवढं तिनं कळवलं.

त्याच आठवड्यात लेक बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली आणि तिला खोकी दिसली. आत येऊन म्हणाली, "ही कशाला आणलीस?"

"असू देत. लागली तर."

मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "पुस्तकांना चार पुरायची नाहीत."

दुसऱ्या दिवशी येताना ती आणखी दोन घेऊन आली. आता सहा आहेत. दव पडतं म्हणून मी वरून प्लास्टिक टाकलंय.